शिकायला परदेशी होतात तेव्हा कुठे कुठे भटकलात? (अनुभव धागा)

भिजलेले_पोहे
काल माळ्यावरची मोठी बॅग काढली. भाची ऑक्टोबरात जर्मनीला चाललीये, तिला द्यायची म्हणून. आतल्या कप्प्यात घडी घातलेला कागद निघाला, शाई जवळजवळ उडालेली. रेल्वेचं वीकेंडचं तिकीट, २००७ सालचं. मी तिथेच शिडीवर बसून राहिले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शनिवार किंवा रविवार, एक दिवस, पाच माणसं आणि देशभरातल्या साध्या गाड्या. आयसीईत (वेगवान गाड्यांत) चालायचं नाही. पाचांत वाटलं की माणशी सात युरोच्या आसपास. २०१९ मध्ये बंद झालं.

आम्ही आखेनला चौघं होतो, त्यामुळे पाचवी जागा कायम रिकामी. मग फलाटावर हेरायचं, तिकिटाच्या मशीनपाशी कोण घुटमळतंय. त्या दिवशी एक आजी होत्या. येता का आमच्यात, विचारलं. त्यांनी आपला वाटा नाण्यांत मोजून दिला, पाच-पाच सेंटची नाणीसुद्धा. वर पिशवीतून प्रिंटेन काढली (आखेनची मसालेदार कडक बिस्किटं). आमचं जर्मन पुण्यात मॅक्स म्युल्लर भवनात शिकलेलं, त्यांचं अस्सल तिथलं. तरी एवढं कळलं की युद्ध संपलं तेव्हा त्या लहान होत्या, वडिलांचं बोट धरून कोलोनला गेल्या तर सगळीकडे ढिगारे आणि मधे कॅथेड्रलचे दोन मनोरे तेवढे उभे. आता माझे गुडघे नाही म्हणतात, तुम्ही चढा, म्हणाल्या.

५३३ पायऱ्या चढलो. वर जाळी, वारा, खाली ऱ्हाईन. सगळे नदी बघत होते आणि मी स्टेशनसमोरच्या गर्दीत आजी दिसतात का ते बघत होते.

तुमचंही लिहा. खोली, मेस, कॉलेज, भटकंती, कुठल्याही देशातलं.

सातूचं_पीठ
आखेन!! मी २०११ ते १३. कुठल्या हॉस्टेलला होतात ताई?
एलिझेनब्रुनेनच्या गरम पाण्याचा तो गंधकाचा वास अजून नाकात आहे. मी दोन वर्षं रोज डोमसमोरून (आखेनचं कॅथेड्रल) सायकलने गेलो, वरच्या सज्जातलं शार्लमेन बादशहाचं सिंहासन बघितलं मात्र शेवटच्या आठवड्यात, आईबाबा आले म्हणून. बाबा इतिहासाचे शिक्षक. ९३६ ते १५३१ इथे राजांचे राज्याभिषेक होत होते हे त्यांना गाइडच्या आधी ठाऊक. समोर बघतो तर संगमरवराच्या चार साध्या पाट्या जोडलेल्या, ना सोनं ना नक्षी. बाबा हळूच म्हणाले, चपला काढायच्या का रे इथे?
बाबा गेले २०२० ला. ते वाक्य घरात अजून निघतं.

भिजलेले_पोहे
@सातूचं_पीठ किती छान होते तुमचे बाबा. 🙏 (हॉस्टेल नाही, एका बाईंच्या घरी वरची खोली होती.)

रिकामी_बरणी
बाटल्यांबद्दल कुणीच कसं नाही लिहिलं? प्लास्टिकची बाटली परत केली की २५ सेंट. सुपरमार्केटातलं मशीन चेपलेली बाटली घेत नाही, बारकोड दिसावा लागतो. माझ्या रूममेटला पाणी संपलं की बाटली मुठीत चुरगळायची सवय. मी ओरडले की तोंड लावून फुंकायची, बाटली कडकड आवाज करत फुगायची. अशा ४० साठल्या की १० युरो. हायडेलबर्गचा किल्ला बाटल्यांच्या पैशात बघितलाय आम्ही! नेकारचा पूल ओलांडला, समोरच्या डोंगरावर फिलॉसॉफेनवेगला बसून दशमी-चटणी खाल्ली, दशमी तिच्या आईने नगरहून पाठवलेली.

धाकटीची_आई
नमस्कार, मी लिहीत नाही कधी, नुसती वाचते. मुलगा जातोय स्टुटगार्टला. ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो भरले, पोटात गोळा आलाय. एक विचारू? कुकर देऊ का सोबत?

सातूचं_पीठ
द्याच काकू. तीन लिटरचा.

रिकामी_बरणी
थांबा, शेगडी कुठली आहे ते आधी विचारा. साध्या काचेच्या शेगडीवर अ‍ॅल्युमिनियम चालतं, इंडक्शनवर चालत नाही, तळ चुंबक चिकटेल अशा स्टीलचा हवा. आणि शिट्टी रात्री १० नंतर नको, शेजारी दार वाजवतात.

अर्धी_चाकोरी
सध्या तिथेच आहे, कारखान्यात इंटर्नशिप करतोय, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. आमच्या वेळी ते पाच जणांचं तिकीट नाही, डॉइचलांडटिकेट आहे. मे २०२३ ला ४९ युरोला सुरू झालं, २०२५ ला ५८ केलं. महिनाभर साध्या गाड्या, बस, ट्राम सगळं. ते थेट साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं! ऑस्ट्रिया बघितला तो असा. येताना वेळापत्रक चुकीचं वाचलं आणि उल्मला रात्र काढली. १६१ मीटरचा चर्चचा मनोरा, खाली आम्ही दोघं, थंडीने दात वाजतायत. मित्राने खिशातून चिक्की काढली, लोणावळ्याची. अर्धी अर्धी खाल्ली. बाकी नंतर लिहितो, भोंगा झाला.

उंबरठा
सगळे फिरण्याचं लिहितायत, मी थोडं वेगळं लिहिते. डिसेंबर. साडेचारला अंधार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि घरचा साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. एक तास तर वाढला, पण मी लॅबमधून येईपर्यंत आई झोपलेली असायची. पहिल्या हिवाळ्यात मी रविवारी दुकानं बंद असतात म्हणून नुसती ट्राममध्ये बसून टोकापर्यंत जायचे आणि परत यायचे. कुणाशी तरी बोलावं म्हणून. ज्यांची मुलं आत्ता जातायत त्यांनी नोव्हेंबर-डिसेंबरात फोनची वेळ बदला, जास्त करा. मुलं स्वतःहून सांगत नाहीत.

धाकटीची_आई
@उंबरठा लिहून ठेवलं बाळा. आता बरी आहेस ना?

उंबरठा
हो काकू. 🙂 फेब्रुवारीत लॅबमधली एक पोलिश मुलगी ओढून कार्निव्हलला घेऊन गेली, तिथून बरं वाटायला लागलं.

वाळवंटी_कांदा
जर्मनीच चाललंय सगळं. एडिनबरा इथे. पैसे नसताना आर्थर्स सीटची टेकडी. २५१ मीटर, सिंहगडवाल्याला काहीच नाही, पण वारा असा की बोलता येत नाही. राष्ट्रीय संग्रहालय फुकट, पाऊस आला की तिथेच अभ्यास.

गोड_आंबट
फ्रायबुर्ग. रस्त्याच्या कडेने छोटे पाट वाहतात, बेख्ले म्हणतात. चुकून पाय पडला की फ्रायबुर्गच्या माणसाशी लग्न होतं अशी समजूत. माझा पहिल्याच आठवड्यात पडला, बूट चिंब. नवरा साताऱ्याचा, पण भेटला फ्रायबुर्गच्या मेन्सात (विद्यापीठाची मेस), ताट घेऊन रांगेत!

सातूचं_पीठ
म्हणजे खरं ठरलं की 😄

गोड_आंबट
सासूबाईंना हेच सांगितलंय.

भिजलेले_पोहे
भाचीला धागा वाचून दाखवला. ती म्हणते, आत्या, त्या आजींचं नाव काय होतं? विचारलंच नव्हतं आम्ही. तिकीट तिच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवून दिलंय.

धाकटीची_आई
मुलाने विचारून घेतलं, काचेची साधी शेगडी आहे. कुकर घेतला. शिट्टी वेगळ्या डबीत ठेवलीये, बॅगेत हरवायला नको.