तालुक्याच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय घडामोडींचा क्लब काढायचाय, मराठीत चालेल का?

पिंपळपार
नमस्कार मंडळी. मी एस.वाय.बी.ए.ला आहे, राज्यशास्त्र. कॉलेज नाशिक जिल्ह्यात तालुक्याच्या गावी, छोटंसंच. राज्यशास्त्र अभ्यास मंडळ आहे पण ते म्हणजे जुलैत उद्घाटन, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) फाइलीसाठी जिओटॅगवाला फोटो, की मग पुढच्या जुलैपर्यंत कोणी नाव काढत नाही. आम्हा तिघाचौघांना खराखुरा क्लब काढायचाय, जमलं तर मॉडेल युनायटेड नेशन्स (एमयूएन) पण, म्हणजे युनोची नक्कल सभा, प्रत्येकानं एकेका देशाच्या वतीनं बोलायचं. पुण्यातल्या एका मोठ्या कॉलेजची एमयूएन बघून आलो, फी दणदणीत, सगळे ब्लेझरमध्ये आणि सगळं इंग्लिश. आमच्याकडे इंग्रजीत उभं राहून बोलणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. मराठीत केलं तर लोक हसतील का? आणि सुरुवात कुठल्या विषयानं करावी? सर म्हणतात आधी पाहुणे कोण ते सांगा मग बघू 😐

टिळकरोड_रिटर्न्स
हसू देत की. खुद्द युनोच्या सहा अधिकृत भाषा आहेत, निम्मी सभा कानाला हेडफोन लावून दुभाष्याचंच ऐकत असते. वाजपेयी परराष्ट्रमंत्री असताना १९७७ साली आमसभेत हिंदीत बोलले होते, कोणाचं काही बिघडलं नाही. मराठीत करा बिनधास्त, फक्त ठरावाचा मसुदा शेवटी इंग्रजीत करून बघा, तेवढाच सराव.

आमसभेच्या नादी लागू नका, १९३ देश आणणार कुठून. सुरक्षा परिषद घ्या. १५ देश, एका देशाला दोघं, म्हणजे ३० पोरं, एका वर्गात बसतात. ठराव पास व्हायला ९ मतं लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी एकानं जरी विरोधात मत दिलं तर संपलं, तोच व्हेटो, पण तटस्थ राहिला तर तो व्हेटो होत नाही, हे पोरांना खेळताना जितकं कळतं तितकं गाईडमधून कधी कळत नाही. २५ फेब्रुवारी २०२२ ची युक्रेनवरची बैठक घ्या. रशियाच्या हल्ल्याविरुद्धच्या ठरावाला ११ मतं बाजूनं, रशियाचा व्हेटो, आणि भारत, चीन, यूएई तटस्थ. नेमके आपण तेव्हा परिषदेवर होतो. भारत ज्याच्या वाट्याला येईल त्याची खरी परीक्षा, कारण तटस्थ का राहिलो हे दोन मिनिटं उभं राहून पटवायचंय, नुसतं 'रशिया आपला जुना मित्र' म्हणून भागत नाही. शस्त्रं कुठून येतात, तिकडे अडकलेले मेडिकलचे विद्यार्थी, सगळं काढावं लागतं. आणि केनिया हुशार पोराला द्या. त्यांच्या प्रतिनिधीनं चारच दिवस आधी परिषदेत सांगितलं होतं की आमच्या सीमा लंडन, पॅरिस, लिस्बनला बसून आखल्या गेल्या, तरी आम्ही त्या मोडायला निघालो नाही. लहान देशाचं पोरगं असं बोलून गेलं की अमेरिका झालेल्याचा चेहरा बघण्यासारखा होतो 😄

द्राक्षबाग_४२२
नाशिक जिल्हा म्हणता आणि युक्रेनपासून सुरुवात?? अहो कांदा घ्या ना. तुमच्या वर्गातल्या निम्म्यांच्या घरी कांदा साठवायची चाळ असेल. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क लागलं तेव्हा लासलगावला लिलाव बंद पडले, डिसेंबरात सरळ निर्यातबंदी, ती उठली मे २०२४ मध्ये, तीही टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि ४० टक्के शुल्क ठेवून. आता मधला भाग बघा, बंदी चालू असतानाच बांगलादेश, श्रीलंका, भूतान, मॉरिशस, बहारीन, यूएई या सहा देशांना मिळून ९९,१५० टन सोडायला परवानगी. हे परराष्ट्र धोरण नाही तर काय आहे? त्याच्याही आधी २०१९ ला बंदी आली तेव्हा बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत हसत हसत म्हणाल्या होत्या की मी स्वयंपाक्याला सांगितलंय कांदा घालू नको, जरा आधी कळवत जा. एक गट ढाक्याचा व्यापारी, एक दिल्लीतलं मंत्रालय, एक शेतकरी, एक मुंबईतली गिऱ्हाईक बाई. मतदान नको, नुसती वाटाघाटी. आमच्या द्राक्षांचंही घेता येईल, २०१० ला युरोपनं क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशावरून कंटेनर अडवले होते, तेव्हाचं अजून आठवतं लोकांना.

नुसतंच_विचारतो
सर्टिफिकेट मिळणार का? एमपीएससीला उपयोग काय याचा?

टिळकरोड_रिटर्न्स
@नुसतंच_विचारतो यूपीएससीच्या जीएस २ (सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर) मध्ये आंतरराष्ट्रीय संबंध आहेत, बघा उघडून. सर्टिफिकेट छापून घ्या हवं तर.

@द्राक्षबाग कांदा मान्य, पण घरचा विषय घेतला की पोरं आपापल्या बापाची बाजू सोडत नाहीत आणि अर्ध्या तासात ग्रामसभा होते. दुसऱ्याच्या बाजूनं बोलायला शिकवणं हाच तर या खेळाचा मुद्दा.

द्राक्षबाग_४२२
मग शेतकऱ्याच्या पोराला दिल्लीचं मंत्रालय द्या आणि गावातल्या व्यापाऱ्याच्या पोराला शेतकरी. मिटला प्रश्न.

खडूधूळ
मी अशाच एका कॉलेजात शिकवते, म्हणून परवानगीचं सांगते. नवीन क्लब म्हणून अर्ज करू नकोस बाई, नवीन म्हटलं की समिती आली, बजेट आलं, 'पुढच्या मीटिंगमध्ये ठेवू' आलं. ते झोपलेलं अभ्यास मंडळ आहे ना, त्याचाच उपक्रम म्हण. सरांना पाहुणे हवेत कारण अहवालात नाव लागतं, तर तूच अहवाल लिहून दे, तारीख, हजेरीच्या सह्या, दोन फोटो, झालं, कोणी नाही म्हणणार नाही. महिन्यातून एकदाच ठेव पण वार ठरलेला हवा. आणि बैठकीच्या आधी प्रत्येकानं आपल्या देशाची भूमिका वहीच्या एका पानावर लिहून आणायची, हातानं. मोबाइलवरून छापलेलं वाचायला लागली की दुसऱ्या वाक्याला कळतं, पण थांबवणार कोण. वेळ मात्र दुपारचीच घे. चारनंतर ठेवलंस तर मुलींची एसटी जाते, मग घरून फोन, मग दुसऱ्या बैठकीला फक्त मुलं.

पिंपळपार
खडूधूळ मॅडम, एसटीचं अगदी बरोबर, आमच्याकडे खेड्याकडची गाडी साडेतीनला आहे, त्यामुळे साडेबाराला ठेवते. पहिला कांदा, सगळ्यांना अदलाबदल करून, आणि दिवाळीनंतर सुरक्षा परिषद. सरांना आज अहवालाचं आमिष दाखवलं तर म्हणाले 'फोटो आडवे काढा' 😂 म्हणजे हो समजायचं ना? @द्राक्षबाग त्या शुल्काच्या अधिसूचना मूळ स्वरूपात कुठे मिळतील, डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालय) साइटवर शोधतेय पण सापडेनात.

द्राक्षबाग_४२२
बंदी आणि किमान भाव डीजीएफटीकडे मिळेल, शुल्क अर्थखात्याकडून निघतं, सीबीआयसीच्या (अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळ) कस्टम्सच्या अधिसूचनांत बघ.