दोन्ही हातांचा बीपी मोजून घ्या

ताई, तुमच्या 27 वर्षांच्या बहिणीचा डावा हात कपडे पिळताना भरून येतो, त्या हातावर बीपी लागत नाही आणि "मशीन बिघडलंय" म्हणून तिला घरी पाठवलं, हे वाचून राहवलं नाही. तेच मशीन उजव्या हातावर नीट चालतंय ना? मग दोष मशीनचा नसावा. ताकायासू आर्टरायटिस या रक्तवाहिन्यांच्या आजाराबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. यात महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, आणि तिच्या मोठ्या फांद्यांच्या भिंती सुजून जाड होतात, आतली वाट अरुंद होते. मनगटाची नाडी मंद लागते किंवा लागतच नाही. बहुतेक रुग्ण चाळिशीच्या आतल्या बायका. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी 1908 मध्ये एका तरुणीच्या डोळ्यांतल्या याच्या खुणांचं वर्णन केलं होतं.

सुरुवातीला बारीक ताप, थकवा, वजन घटणं एवढंच असतं, त्यामुळे अशक्तपणा समजून टॉनिकं दिली जातात. याचंच फार वाईट वाटतं. भारतात मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाल्याने कमी वयात बीपी वाढलेलाही बऱ्याचदा आढळतो. ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) नॉर्मल आला तरी विषय सोडू नका, रक्तवाहिन्यांची सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी करायची का ते विचारा. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे संधिवात आणि अशा सुजेच्या आजारांच्या तज्ज्ञांना, दाखवा. चक्कर येत असेल, नजर अंधारत असेल तर आजच.