अनुभव धागा: शरीराबद्दल, नात्यांबद्दल शाळेत तुम्हाला कुणी काही विचारलं होतं का?

कृष्णाकाठ

धागा मी काढतेय, तेव्हा सुरुवात माझ्यापासून. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा होता. सरांनी जास्वंदीचे पुंकेसर फळ्यावर सुरेख काढले आणि माणसाच्या पानाशी आल्यावर म्हणाले, "हे घरी वाचून या."

पुढे मीच विज्ञानाची बाई झाले. दहावीला तोच विषय माझ्याकडे आला. मी पान उलटलं नाही, आकृत्यांसकट सगळं शिकवलं. "काही शंका?" विचारलं तर वर्ग चिडीचूप. मग बुटांच्या खोक्याला फट पाडून प्रश्नपेटी केली. आठवडाभर रिकामी. एका मुलीनं मधल्या सुट्टीत कारण सांगितलं, "बाई, पेटीकडे कोण गेलं ते सगळ्यांना दिसतं ना." उपायही तिचाच. दर शनिवारी सगळ्यांनी चिठ्ठी टाकायची, प्रश्न नसेल तर कोरी. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहायचं.

पहिल्या शनिवारी निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या. उरलेल्यांत फलन नव्हतं, गर्भधारणा नव्हती. "पॅड टाकायचं कुठं? संडासात डबा नाही." "माझा आवाज फुटलाय, मला प्रार्थना सांगायला उभं करू नका, सगळे हसतात." "लोहाच्या गोळीनं मळमळतं, मी ती खिडकीतून फेकते." "एकजण रोज सायकल घेऊन मागे येतो. घरी सांगितलं तर शाळा बंद करतील." ही शेवटची चिठ्ठी वाचून मला रात्रभर झोप आली नाही. मी वर्षानुवर्षं उत्तरं शिकवत होते, ती कुणी विचारलेलीच नव्हती.

डबा दिवाळीआधी आला. प्रार्थनेला आता दोघं-तिघं मिळून उभी राहतात. गोळी जेवणानंतरच घ्यायची, हे आरोग्यसेविकेनं वर्गात येऊन समजावलं. सायकलवाल्याचं मात्र सोपं गेलं नाही. चिठ्ठीवर नाव नव्हतं. मी वर्गाला एवढंच सांगितलं की अशा वेळी चूक मुलीची नसते, आणि कुणाला बोलायचं असेल तर मी साडेपाचपर्यंत प्रयोगशाळेत असते. अकराव्या दिवशी ती आली.

तुमचेही अनुभव लिहा. विद्यार्थी म्हणून, पालक म्हणून, शिक्षक म्हणून.

पाऊलवाट

२००७ साली मी नववीत होतो. त्याच वर्षी आपल्या राज्यानं शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. मोठी माणसं बाजूनं बोलली, विरोधात बोलली. ज्यांच्यासाठी ते होतं त्या आम्हा पोरांना कुणी विचारलं नाही. झोपेत वीर्य जाणं हा रोग आहे, अशी माझी तेव्हा खात्री होती. एसटी स्टँडच्या मुतारीतल्या जाहिरातीवरचा पत्ता शोधत गेलो आणि दोन वर्षं पुड्या खाल्ल्या. पैसे आईच्या डब्यातून काढायचो. "हे सगळ्यांना होतं," एवढं एक वाक्य हवं होतं मला. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

पिंपळपान

संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य'मधून वाचकांच्या शंकांना उत्तरं द्यायचे. १९२७ साली सुरू झालेलं हे मासिक त्यांनी १९५३ पर्यंत, खटले आणि दंड सोसून चालवलं. माणसं आडपडदा न ठेवता विचारायची आणि तसंच उत्तर मिळायचं. मराठीत हे झालेलं आहे, म्हणून मुलांच्या चिठ्ठ्यांनी बिचकणं मला पटत नाही.

थेम्सकाठची

आम्ही इंग्लंडात. इथे सप्टेंबर २०२० पासून माध्यमिक शाळांत नातेसंबंध आणि लैंगिक शिक्षण सक्तीचं आहे. त्यातल्या लैंगिक शिक्षणाच्या भागातून मुलाला वगळा, अशी विनंती पालक करू शकतात. यांनी तसं पत्र लिहायला घेतलं. लेक तेव्हा तेरा वर्षांची. म्हणाली, "बाबा, वगळलेल्या मुलांना ग्रंथालयात बसवतात. मधल्या सुट्टीत वर्गातली पोरं त्यांना सगळं सांगतात, तेही चुकीचं. तुम्हाला मी ते पोरांकडून ऐकायला हवंय का?" हे गप्प झाले. सोळा पूर्ण व्हायच्या तीन सत्रं आधीपासून मुलांनी स्वतः मागितलं, तर शाळेनं ते शिकवायचं असतं, हेही आम्हाला तिनंच सांगितलं. पत्र गेलं नाही. त्या रात्री वाटलं, हिला आधी विचारायचं आपल्याला सुचलं कसं नाही?

माळरान

पाळीची माहिती द्यायला ताई आल्या की आम्हा मुलांना मैदानावर पिटाळायचे. लग्नानंतर बायकोनं समजावलं, तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो.

आजोळ

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये नातीच्या शाळेत पालकसभा झाली. तक्रारपेटी आहे का, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती आहे का, आम्ही विचारलं. पेटी होती, कार्यालयाच्या दारात, कॅमेऱ्याच्या खाली. किल्ली कुणाकडे, ते कुणालाच सांगता येईना. सातवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "तिथे चिठ्ठी कोण टाकणार? शिपाईकाका समोर बसलेले असतात." सभागृहात इतके पालक, एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. पेटी आता मुलींच्या पाण्याच्या टाकीजवळ आहे आणि ती पालक प्रतिनिधींच्या समोर उघडतात. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा फोन क्रमांकही मोठ्या अक्षरांत रंगवला आहे. उंची मात्र मोठ्यांच्या डोळ्यांना येईल अशी होती. पहिलीच्या पोरांनी मान वर करून दाखवली, तेव्हा खाली दुसरा रंगवून घेतला.

अकरावी_ब

मी सध्या शिकतेय. आमच्याकडे वर्षातून एकदा डॉक्टर येतात, पाऊण तास बोलतात, शेवटी पाच मिनिटं प्रश्न. संसर्ग, रक्तक्षय सगळं सांगतात, चांगलं सांगतात. पण आमच्या वर्गात कुणी कुणाच्या फोनचा पासवर्ड मागतं, "प्रेम असेल तर दे" म्हणतं. कुणाचा फोटो ग्रुपवर फिरतो आणि ती आठवडाभर कॉलेजला येत नाही. यावर तास नाही. आम्ही सात जणांनी मिळून प्राचार्यांना अर्ज दिला: व्याख्यानाआधी आमचे प्रश्न गोळा करा आणि डॉक्टरांना आधी पाठवा. गेल्या सोमवारी त्यांनी आम्हाला बोलावून विचारलं, "प्रश्न कसे गोळा करणार?"

कृष्णाकाठ बाई, तुमची कोऱ्या चिठ्ठ्यांची पद्धत आम्ही वापरतोय.