गच्चीवर खर्च झाला, गळती तशीच: सोसायटीच्या समितीला जाब कसा विचारावा?

प्रश्न (डोंबिवलीकर)

आमची ४२ सदनिकांची, एकतीस वर्षे जुनी इमारत आहे. गेल्या उन्हाळ्यात व्यवस्थापक समितीने गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घेतले आणि त्यावर ४,६०,००० रुपये खर्च झाल्याचे आम्हांला फलकावरील सूचनेतून कळले. निविदा मागवल्या होत्या का, कंत्राटदार कोणी ठरवला, कामाची हमी किती वर्षांची आहे, यांपैकी काहीही सभेत सांगितले गेले नाही. जुलैमध्ये पहिल्या मोठ्या सरीबरोबर वरच्या मजल्यावरील तिन्ही घरांच्या छताला पुन्हा ओल आली. मागच्या बाजूचा सामाईक ड्रेनेज पाइप दोन पावसाळे फुटलेला आहे आणि त्याच्या शेजारच्या भिंतीचे प्लास्टर हाताने निघते. विचारणा केली की सचिव म्हणतात, "फंडात शिल्लक नाही." मी तीन वेळा तोंडी आणि अनेकदा व्हॉट्सॲप गटावर विचारले; उत्तरादाखल शुभेच्छांची चित्रे आली.

आम्हां काही जणांच्या मनात मासिक देखभाल शुल्क भरणे थांबवावे असा विचार आहे. तो योग्य ठरेल का? नसल्यास समितीला उत्तर देणे भाग पडेल असा मार्ग कोणता?

प्रतिसाद (निवृत्त लेखापरीक्षक)

शुल्क मुळीच थांबवू नका. २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण संस्थांच्या नियमावलीचा शासनाने दिलेला नमुना) थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येते, आणि त्याहून वाईट म्हणजे तुम्ही थकबाकीदार झालात की चर्चेचा विषय गच्ची न राहता तुम्ही होता. हवे तर हरकतीचे पत्र जोडून भरा, पण भरा.

व्हॉट्सॲप गटावरील प्रश्नाला कायद्याच्या दृष्टीने फारसे वजन नाही. लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. सचिवांनी पोच नाकारली तर स्पीड पोस्टाने पाठवा. शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक, सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते आणि समितीच्या सभांची इतिवृत्ते विनाशुल्क पाहण्याचा हक्क महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ने सदस्याला दिलेला आहे. शुल्क भरल्यास प्रतीही मिळतात. अर्जात "सर्व कागदपत्रे द्यावीत" असे मोघम लिहू नका. गच्चीच्या कामाला मान्यता देणारा ठराव कोणत्या तारखेच्या सभेत झाला, ते इतिवृत्त मागा. (इंटरनेटवरील जुने लेख वाचून कलमांचे क्रमांक उतरवताना सांभाळा. २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी अधिनियमात स्वतंत्र प्रकरण घातले गेले, त्यामुळे अनेक जुने क्रमांक आता जसेच्या तसे लागू होत नाहीत.)

इतिवृत्त मागण्याचे कारण असे की २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे २६ ते ५० सदस्यांच्या संस्थेत दुरुस्तीसाठी समिती स्वतःच्या अधिकारात एका वेळी ५०,००० रुपयांपर्यंतच खर्च करू शकते. त्यावरील खर्चाला सर्वसाधारण सभेची पूर्वमान्यता लागते. तुमच्या संस्थेने कोणते उपविधी स्वीकारले आहेत ते आधी पाहा. मान्यता नसेल तर प्रश्न केवळ कामाच्या दर्जाचा न राहता अधिकाराचाही होतो.

आता "शिल्लक नाही" या उत्तराबद्दल. ते खोटेच असेल असे धरून चालू नका. दुरुस्ती निधीचा किमान दर सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्के इतका आहे. समजा, त्या काळी बांधकाम खर्च सदनिकेमागे दोन लाख धरला गेला, तर वर्षाला १,५०० रुपये होतात, म्हणजे सर्व सदनिकांचे मिळून ६३,०००. या हिशेबाने एक गच्ची सात वर्षांहून अधिक काळाची वर्गणी खाऊन टाकते. हा दर किमान आहे, तो वाढवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे, आणि मी तपासलेल्या बहुतेक संस्थांत सदस्यांनीच ती वाढ वर्षानुवर्षे हाणून पाडलेली असे.

प्रतिसाद (एक माजी सचिव)

वरील शेवटचे वाक्य लिहिल्याबद्दल आभार. मी सहा वर्षे सचिव होतो. मानधन शून्य, आणि रात्री अकराला पंप बंद पडला की पहिला फोन मला. तुमच्या ४२ सदस्यांच्या संस्थेत गणसंख्या (सभा चालवण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती) दोन-तृतीयांश किंवा २० यांपैकी जी कमी ती, म्हणजे २० आहे. आमच्याकडे ती एकदाही पहिल्या वेळी भरली नाही. अर्ध्या तासाने, गणसंख्येची अट नसलेली तहकूब सभा सुरू व्हायची, सात-आठ जण हात वर करायचे, आणि मग सहा महिन्यांनी उरलेले लोक विचारायचे की हे कोणी ठरवले. तुमच्याकडे असाच ठराव होऊन गेलेला असू शकतो. तो वैध असेल.

गळतीबाबत एक फरक लक्षात ठेवावा. पावसाने गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारी ओल आणि सामाईक पाइपची गळती ही संस्थेच्या खर्चाची बाब आहे. वरच्या घराच्या न्हाणीघरातून किंवा सिंकमधून झिरपत असेल तर तो खर्च त्या सदस्याचा. ड्रेनेज पाइपबाबत मात्र समितीला निमित्त नाही. शिवाय तीस वर्षांवरील इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट (बांधकामाच्या मजबुतीची तपासणी) उपविधींनुसार दर तीन वर्षांनी व्हायला हवे. शेवटचे कधी झाले, तेही अर्जात विचारा.

प्रतिसाद (पुणेकर)

थोडा वेगळा मुद्दा. तुमची नोंदणी खरोखर सहकारी संस्था म्हणूनच आहे ना? आमच्याकडे अनेक इमारती १९७० च्या अपार्टमेंट मालकी अधिनियमाखाली आहेत. तेथे घोषणापत्र आणि त्यासोबतचे उपविधी पाहावे लागतात आणि देखभालीचा वाटा सहसा सामाईक मालमत्तेतील अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने ठरतो. वरचा सल्ला तेथे सरळ लागू पडत नाही.

प्रश्नकर्ता (डोंबिवलीकर)

आमची संस्था सहकारीच आहे. दरम्यान अर्ज दिला आणि पाठपुराव्यानंतर कागद पाहायला मिळाले. सर्वसाधारण सभेचा ठराव नाही. समितीच्या इतिवृत्तांत एकाच कंत्राटदाराची ४६,००० रुपयांची दहा बिले तीन सभांत मंजूर केलेली आहेत: "गच्ची, पूर्व कोपरा", "गच्ची, पाण्याच्या टाकीखालील भाग", अशा नावांनी. दुसरे कोटेशन नाही, हमीपत्र नाही. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल नऊ वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यात ड्रेनेज पाइप तातडीने बदलावा असे स्पष्ट लिहिले आहे.

प्रतिसाद (एक माजी सचिव)

दहा बिलांचे वाचून मी माझी बाजू थोडी आवरती घेतो. विनामोबदला काम करणे वेगळे आणि मर्यादेखाली बसावे म्हणून काम तोडणे वेगळे. समितीच्या निर्णयांना तिचे सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात, हे त्यांना सभेआधीच कोणीतरी शांतपणे सांगावे. माझ्या अनुभवात त्यानंतर पुष्कळ कागद सापडतात.

प्रतिसाद (निवृत्त लेखापरीक्षक)

लगेच उपनिबंधकांकडे (सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी) धाव घेऊ नका. पहिला प्रश्न तेथेही हाच येईल की सभेत विषय मांडला का. एक-पंचमांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर समितीला एका महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. ४२ चा पाचवा भाग ८.४, म्हणजे नऊ सह्या हव्यात. समितीने टाळले तर निबंधकांना ती सभा बोलावण्याचा अधिकार आहे. मात्र सदस्यांच्या मागणीवरून बोलावलेली सभा गणसंख्येअभावी तहकूब होत नाही, रद्द होते. त्यामुळे नऊ सह्यांवर समाधान मानू नका, वीस माणसे खुर्चीत बसतील याची व्यवस्था करा.

विषयपत्रिका आरोपाच्या भाषेत लिहू नका. "गच्चीच्या कामाच्या दहा बिलांबाबत समितीचे लेखी स्पष्टीकरण घेणे; ड्रेनेज पाइप बदलण्यासाठी निविदा मागवणे; नवीन स्ट्रक्चरल ऑडिट करणे; दुरुस्ती निधीचा दर ठरवणे" इतके पुरे. शेवटचा विषय तुमच्याही खिशाला लागेल, पण तो वगळलात तर पाइप कशातून बदलणार?

सभेनेही काही साधले नाही तर त्याच एक-पंचमांश सदस्यांच्या अर्जावर कलम ८३ खाली चौकशी मागता येते, आणि वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयात नेता येतो. संस्थेला थेट माहिती अधिकाराचा अर्ज करण्यात अर्थ नाही. सहकारी संस्था सर्वसाधारणपणे सार्वजनिक प्राधिकरण (म्हणजे त्या कायद्याखाली माहिती देण्यास बांधील संस्था) नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली केरळमधील एका सहकारी बँकेच्या प्रकरणात म्हटले आहे. उपनिबंधक कार्यालय मात्र सार्वजनिक प्राधिकरण आहे. तुमच्या संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल आणि त्यावरील दोषदुरुस्ती अहवाल (लेखापरीक्षणातील आक्षेपांवर संस्थेने काय केले, त्याचा अहवाल) तेथे दाखल आहे का, हे त्या कार्यालयाला विचारता येते.

प्रश्नकर्ता (डोंबिवलीकर)

सात सह्या झाल्या आहेत, त्यांत वरच्या मजल्यावरील तिन्ही घरे आली. एक अडचण अशी की शेअर सर्टिफिकेटवर पहिले नाव पत्नीचे आहे आणि आतापर्यंतचे सर्व अर्ज मी माझ्या नावाने दिले.

प्रतिसाद (निवृत्त लेखापरीक्षक)

मग मागणीपत्रावर सही त्यांची घ्या. इतर सहा सह्यांचीही शेअर सर्टिफिकेटशी आजच पडताळणी करा आणि नऊऐवजी बारा गोळा करा, कारण समिती त्या पत्रात सर्वांत आधी तेच तपासेल.