मदत हवी आहे: पुरोहिताच्या प्रार्थनेचे घरगुती नियम

मंडळी, आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स (प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा कल्पनेतला खेळ) १९८१च्या बेसिक नियमांवर खेळतो. त्यात पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला, म्हणजे पुरोहिताला, एकही मंत्र नसतो, नुसतं भुताखेतांना पळवून लावता येतं. मला ते आवडतं, आधी भक्ती सिद्ध कर, मग माग. पण पुढे देवाचा माणूसही जादूगारासारखाच सकाळी मंत्र ठरवून घेतो आणि वापरला की संपला. मग दोघांत फरक काय राहिला? देव म्हणजे काय कोठार आहे?

म्हणून मी (खेळ चालवायचं काम माझ्याकडे आहे) मंत्रांचा कोटाच काढून टाकला. प्रार्थना केली की दोन सहापैलू फासे, बेरीज ७ किंवा जास्त आली तर देव ऐकतो. त्याच दिवशीच्या प्रत्येक पुढच्या प्रार्थनेला बेरजेतून आणखी एक वजा. म्हणजे पहिल्यांदा ५८ टक्के शक्यता, तिसऱ्यांदा जेमतेम २८.

कागदावर झकास. खेळताना मात्र आमच्या पुरोहितबाईंनी कुलूप उघडायलाही देवाला हाक मारली, आणि खरोखर जखमी माणूस समोर आला तेव्हा फासे पडले ३. टेबलावर सगळे गप्प. (चोराचा खेळाडू अजून रुसलेला आहे. कुलूप त्याचं काम होतं.)

अपयशाला देवाचा कोप ठेवावा, की नवस-प्रायश्चित्त मागावं? कोप ठेवला तर कुणी प्रार्थनाच करणार नाही अशी भीती वाटते. आणि नवस ठेवला तर त्याची नोंद कुणी ठेवायची, मी की खेळाडूने? कुणी असं काही चालवून पाहिलं असेल तर सांगा, पुढचा खेळ रविवारी आहे.