मदत हवी आहे: पिनबॉल डिझायनर स्टीव्ह रिचीचं कुठलं मशीन घेऊ, जुनं की नवं?

मंडळी, शिकागोकडे किंवा आसपास कोणी पिनबॉलवाले आहेत का, जरा सल्ला हवाय. २०२१ मध्ये स्टीव्ह रिची जर्सी जॅक या पिनबॉल कंपनीकडे जाणार हे कळलं तेव्हा मी जाम खूश झालेलो, पण धाकधूकही होती, कारण त्याच्या गेमचा जीव म्हणजे स्पीड, त्याच्या जुन्या हाय स्पीड (१९८६) मशीनमध्ये रॅम्प (चढणीची वाट) नीट लागला की बॉल फिरून थेट फ्लिपरवर (बॉल मारायच्या दांडीवर) येतो, थांबायचं नावच नाही! आणि जर्सी जॅकची मशीन म्हणजे मोठा स्क्रीन, भरपूर लाइट, प्लेफील्डवर (बॉल फिरतो त्या पाटावर) खच्चून माल. मग २०२३ मध्ये त्याचं तिथलं एल्टन जॉन मशीन आलं, मी ते थोडंच खेळलोय, तेवढ्यावर एवढे पैसे टाकायला मन होत नाही.

घरी एकच मशीन मावेल. ज्यांनी दोन्ही भरपूर खेळलीत त्यांनी सांगा ना, नव्यात तो फ्लो, म्हणजे बॉलचा न थांबणारा वेग, खरंच टिकलाय का? आणि जुनं घ्यायचं तर बघताना काय तपासू, फ्लिपरच्या कॉइल, बोर्डवर बॅटरी गळल्याचे डाग, अजून काय? शिकागोत दोन्ही एकाच ठिकाणी खेळायला मिळत असतील तर तेही प्लीज कळवा.