'शिकलासवरलेला' ठीक आहे, पण 'सवरणे' म्हणजे काय?

जुनी वही
एका संस्थेचं माहितीपत्रक मराठीत करून देत होते. शाळा सुटल्यावर ते मुलांना नाटक, चित्रं, तारे ओळखणं असलं काहीबाही शिकवतात. मजकुराचा रोख असा की शिक्षण म्हणजे निव्वळ नोकरीची तयारी नव्हे. एका वाक्यात 'स्किल्ड' आणि 'एज्युकेटेड' समोरासमोर आले आणि मी अडले. 'सुशिक्षित' लिहावं तर कानात लगेच 'बेरोजगार' वाजतं. 'सुसंस्कृत' म्हटलं की कुणाच्या घरातले संस्कार, हा प्रश्न येतो. शेवटी लिहिलं, 'मूल शिकावंच, पण सवरावंही.'
तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ ओढली. 'सवरणे' असं सुटं क्रियापद मराठीत नाही म्हणे.
आमची शिराळ्याकडची आजी तर सर्रास म्हणायची. धाकटे काका बी.ए. होऊन आले आणि दारात आलेल्या सुताराला पाणीही न विचारता उभ्या उभ्या वाटेला लावलं, तेव्हा ती चुलीपाशी बसूनच म्हणाली, 'शिकला, पण सवरला न्हाई.' तुमच्याकडे कुणी असं म्हणतं का?

तिरफळ
बाईंचं बरोबर आहे. हा जोडशब्द आहे. उरलासुरला, शेजारीपाजारी यांच्यासारखा. दुसरा भाग नुसता नादासाठी. उद्या कुणी 'मी उरलो पण सुरलो नाही' म्हणेल.

कोरडवाहू
सगळेच जोडशब्द तसे नसतात हो. दगडधोंडा, कामधंदा, यांतले दोन्ही भाग आपापल्या पायावर उभे आहेत. 'सवरणे' कुठल्या रांगेतला ते आधी ठरवा.
माझा अंदाज 'सावरणे'. तोल सावरतो, पदर सावरतो, घसरलेला संसार सावरतो. शिकून ज्याला स्वतःला सावरता येतं तो सवरलेला. व्युत्पत्ती चुकीची निघाली तरी मी ती सोडणार नाही.

अर्धविराम
हिंदीतला 'सँवरना' समोर दिसत असताना एवढे वळसे कशाला? सजणं, नीटनेटकं होणं.

तिरफळ
झालं. मराठी शब्दाचं मूळ सापडलं नाही की हिंदीच्या दारात नेऊन बसवा.

माळवा
हिंदीचं नाव निघालंच आहे म्हणून. आम्ही चार पिढ्या इंदूरचे. पुण्याच्या एका लग्नात मी नवऱ्या मुलाला सहज विचारलं, 'आपली शिक्षा कुठे झाली?' सगळा मांडव गप्प. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत थेट छडी. एकाच शब्दाचं तुम्ही हे काय करून ठेवलंत?

अर्धविराम
छडी नंतरची. संस्कृतात 'शिक्ष्' हे 'शक्' धातूचं इच्छार्थक रूप मानतात. म्हणजे समर्थ होण्याची इच्छा. त्यात नोकरीही नाही आणि मारही नाही.

तिरफळ
धातुपाठात 'शिक्ष विद्योपादाने' असा वेगळा धातू दिलाय. विद्या घेणे. सरळ अर्थ असताना इतकं गोड कशाला करायचं?

माळवा
घ्या! मी छडीचं विचारलं होतं.

कोरडवाहू
सामर्थ्यावरून आठवलं. १९८५ मध्ये दिल्लीत शिक्षण मंत्रालयाचं मनुष्यबळ विकास मंत्रालय झालं आणि २०२० पर्यंत ते नाव टिकलं. हिंदीत 'मानव संसाधन', म्हणजे कोळसा, पाणी, माणूस एका ओळीत. मराठीनं 'बळ' घातलं म्हणून जरा बरं वाटायचं. पण आमच्याकडे ठेकेदार काम रखडलं की म्हणतो, 'मनुष्यबळ कमी पडतंय.' त्यात मुलगा सवरलाय की नाही, कोण बघतो?

पासबुक
इतका वेळ नुसती वाचत होते. आता बोलते. माझी आई घरातली पहिली मॅट्रिक. नर्स झाली. तिच्या लेखी शिकणं म्हणजे स्वतःच्या नावाचं बँकेचं पुस्तक, आणि नवऱ्यापुढे हात पसरायला न लागणं. 'नोकरीपलीकडचं शिक्षण' हे ज्यांच्या घरात नोकरी तीन पिढ्या आहे त्यांना सुचतं. काकांनी सुताराला पाणी विचारलं नाही हे वाईटच. पण सुताराच्या मुलाला आधी काय हवं होतं, तेही विचारा.

जुनी वही
पटलं. म्हणूनच वाक्यात 'शिकावंच' आधी आहे.

अर्धविराम
फुल्यांची साखळी पाहा. विद्येविना मती, मतीविना नीती, नीतीविना गती, गतीविना वित्त. वित्त आहेच, पण चौथ्या कडीला. 'विद्या ददाति विनयं' भिंतीवर रंगवतात, त्याच्याही पुढच्या ओळीत धन आहे. ती ओळ कुणी रंगवत नाही.

पासबुक
फुल्यांची शेवटची कडी गाळलीत. 'वित्ताविना शूद्र खचले.' साखळी तिथं पोचते म्हणून ती लिहिली गेली. चौथा नंबर बघून खूश होऊ नका.

अर्धविराम
गाळली खरी. माघार.

कोरडवाहू
माझे वडील साताऱ्यात रयतच्या वसतिगृहात राहून शिकले. 'कमवा आणि शिका'. सकाळी खोदकाम, मग वर्ग. शब्दांचा क्रम बघा, कमवा आधी. कमाई शिकण्यासाठी होती. आता जाहिराती 'शिका आणि कमवा' म्हणतात. शब्द तेच, फक्त जागा बदलल्या. वडिलांना खोदकामाचं कौतुक विचारलं तर म्हणायचे, 'हाताला फोड यायचे, दुसरं काय.' पण पुढे आयुष्यभर गड्याबरोबर एकाच पंगतीला बसले.

तिरफळ
तुमच्या सवरलेल्याचा उलटा शब्द मात्र पक्का आहे. पढतमूर्ख. दासबोधात दुसऱ्या दशकाचा दहावा समास अख्खा त्याच्यावर खर्ची पडलाय. उलटा शब्द असताना सुलटा नसावा, हे जरा विचित्र आहे, कबूल.

जुनी वही
म्हणजे 'सवरणे' चालेल?

तिरफळ
असं मी म्हटलेलं नाही. छापील पुरावा द्या. आज्या पुरावा होत नाहीत.

कोरडवाहू
मग भाषा कुठून आली, छापखान्यातून?

माळवा
आमच्याकडे इंदूरला 'लिखापढ़ा' म्हणतात, म्हणजे लिहिलं आणि वाचलं. तिथं विषय संपतो. तुमच्याकडे निदान काहीतरी शिल्लक तरी राहिलंय, भले कुणाला त्याचा अर्थ लागेना.

जुनी वही
कळवते, म्हणजे विषय लटकत राहायला नको. पत्रक छापून आलं. माझं वाक्य काढून 'सुजाण नागरिक घडवणे' घातलंय. मुखपृष्ठावर लॅपटॉपपुढे बसलेली मुलगी. ताऱ्यांचा फोटो आतल्या पानावर गेला.

अर्धविराम
'घडवणे' वर वेगळा धागा काढा. मूल म्हणजे काय मडकं आहे?

माळवा
त्याआधी मला कुणीतरी सांगा, शेजारीपाजारी मधला पाजारी कोण?

तिरफळ
कुणी नाही. नाद आहे.

कोरडवाहू
आमच्या वाडीत आहेत की दोघे. शेजाऱ्याच्या पलीकडचे.